मोडींत निघालेली मोटार: घ्यावी कीं न घ्यावी?

जुनी वस्तु स्वस्त मिळूं लागली म्हणजे शहाण्या माणसाच्या मनांत एकाच वेळीं दोन विचार येतात. पहिला असा कीं, संधि आपण होऊन दाराशीं आली आहे. दुसरा असा कीं, ही वस्तु इतकी स्वस्त कां? घर, दागिना किंवा घोडा घेतांना पिढ्यान्‌पिढ्या हे दोन विचार मनुष्याच्या सोबतीला आहेत. जुन्या नामांकित स्पोर्ट्स मोटारीच्या बाबतींत मात्र ते विशेष तीव्र होतात. अशा मोटारीचें रूप पाहतांक्षणींच मोह घालतें, आणि तिचे दोष रंगाखालीं, गालिच्याखालीं आणि कागदपत्रांच्या चळतींत दडून राहतात.

अमेरिकेंत हा प्रश्न एका विशिष्ट स्वरूपांत पुढें येतो. समजा, १९८५ सालच्या बनावटीची एक पोर्श ९११ विकाऊ आहे. तशाच दुसऱ्या निर्दोष गाडीला बाजारांत ६०,००० डॉलर पडतात असें धरूं. हिचा मालक मात्र ३६,००० डॉलरच मागतो. रंग तकतकीत आहे, यंत्राचा आवाज गोड आहे, आंतील चामडें फाटलेलें नाहीं. फरक एवढाच कीं, मालकीच्या कागदावर 'साल्व्हेज' हा शब्द छापलेला आहे. त्या एका शब्दानें २४,००० डॉलर कसे कमी झाले, आणि ते घेणाऱ्याच्या पदरांत खरोखरच पडणार कीं नाहीं, हें समजून घेतल्यावांचून अशा व्यवहारांत पाऊल टाकूं नये.

'साल्व्हेज' हा शब्द मूळचा दर्यावर्दी व्यवहारांतला. बुडणाऱ्या अथवा जळणाऱ्या जहाजांतून जें कांहीं वांचविलें जाई, त्याच्यासंबंधीं तो वापरीत. अमेरिकेंत प्रत्येक राज्य मोटारीचें मालकीपत्र देतें. त्याला तेथें 'टायटल' म्हणतात. अपघात, पूर, आग किंवा चोरी यांमुळें गाडीची हानि झाली, आणि ती दुरुस्त करून देण्यापेक्षां तिची पूर्ण किंमत मालकाला चुकती करणें विमाकंपनीला परवडलें, तर बहुधा गाडी कंपनीकडे जाते. मग राज्याचें खातें जुनें मालकीपत्र रद्द करून साल्व्हेजचा शिक्का असलेलें नवें पत्र देतें. अशी गाडी रस्त्यावर चालवितां येत नाहीं. पुढें कोणी ती लिलावांत घेऊन नीट केली आणि सरकारी तपासणींतून पार पाडली, तर 'रिबिल्ट', म्हणजे पुन्हां उभारलेली, असा दुसरा शिक्का मिळतो व ती रस्त्यावर येऊं शकते. याखेरीज तिसराहि एक वर्ग आहे. कांहीं गाड्यांना केवळ सुट्या भागांसाठीं किंवा भंगारासाठींच विक्रीची परवानगी मिळते. त्या पुन्हां कधींच रस्त्यावर येऊं शकत नाहींत. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावयाचा कीं, कागदावर नेमका कोणता शिक्का आहे, आणि तो कोणत्या राज्याचा आहे?

राज्याचें नांव विचारण्याचें कारण असें कीं, प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. टेक्सासमध्यें दुरुस्तीचा खर्च गाडीच्या संपूर्ण किमतीच्या वर जावा लागतो. फ्लॉरिडांत ८० टक्क्यांचा हिशेब आहे, न्यूयॉर्कमध्यें ७५ टक्क्यांचा. कॅलिफोर्नियांत ठराविक टक्केवारी नाहीं. दुरुस्ती परवडत नाहीं असें विमाकंपनीनें ठरविलें कीं पुरे. आतां १५,००० डॉलर किमतीच्या एका गाडीला १२,००० डॉलरांचा मार बसला असें समजा. हें प्रमाण ८० टक्के झालें. जेथें मर्यादा ७५ टक्क्यांची आहे तेथें ही गाडी डागी ठरेल. टेक्सासच्या टक्केवारीनें ती निर्दोष कागदासह फिरत राहील. मार तोच, गाडी तीच. फरक केवळ सीमेच्या रेषेचा. शिवाय कांहीं राज्यांत, उदाहरणार्थ न्यूयॉर्कमध्यें, हा नियम ठराविक वयाच्या आंतील गाड्यांनाच लागतो. त्यामुळें जुन्या गाडीचा कागद स्वच्छ असला म्हणजे तिला कधीं मोठा अपघात झालाच नाहीं, असेंहि अनुमान काढतां येत नाहीं. शिक्का हा दोषाचा पुरावा आहे, पण शिक्क्याचा अभाव हा गुणाचा पुरावा नव्हे.

याहूनहि महत्त्वाची एक गोष्ट जुन्या मोटारींच्या संबंधांत ध्यानांत घेतली पाहिजे. शिक्का मारतांना खर्चाची तुलना त्या दिवसाच्या बाजारभावाशीं होते. पोर्श ९११ ही गाडी १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, आणि हवेनें थंड होणाऱ्या यंत्राची तिची मालिका १९९८ पर्यंत चालली. १९७८ ते १९८३ मधील एससी आणि १९८४ ते १९८९ मधील कॅरेरा या गाड्या पुढें पंधरा-वीस वर्षें केवळ जुन्या मोटारी म्हणूनच विकल्या जात. शतकाच्या अखेरीस त्यांतील कित्येक अगदीं साध्या नव्या मोटारीच्या भावांत मिळत. त्या काळीं पुढचा पंखा, दिवा आणि बंपर चेपल्यावर अस्सल भाग व रंगकाम मिळून जो खर्च येई, तेवढ्यानेंहि गाडी मोडींत निघे. पुढें या गाड्यांचे भाव अनेक पटींनीं वाढले. तोच मार आज बसला असता, तर विमाकंपनीनें मुकाट्यानें दुरुस्तीचे पैसे दिले असते. म्हणजे शिक्का सांगतो तो अपघात केवढा होता हें नव्हे, तर त्या दिवशीं गाडीच्या मानानें खर्च केवढा होता हें. म्हणून शिक्का किती सालीं पडला, हा दुसरा प्रश्न. १९९८ सालचा शिक्का आणि २०२० सालचा शिक्का यांचें वजन सारखें नाहीं. गाडीचा भाव चढल्यानंतर जो शिक्का पडतो, त्याच्यामागें बहुधा खरोखरच मोठा घात असतो.

तिसरा प्रश्न हानीच्या प्रकाराचा. चोरीची गाडी हा त्यांतला सर्वांत सौम्य प्रकार होऊं शकतो. गाडी चोरीस गेली, विमाकंपनीनें पैसे दिले, आणि कांहीं आठवड्यांनीं ती सांपडली. अशा गाडीच्या अंगाला कधीं ओरखडाहि नसतो, तर कधीं तिचें यंत्र व चाकें काढून नेलेलीं असतात. गारपिटीनें पत्रा खांचाखळग्यांचा झाला असेल, तर ती हानि डोळ्यांची आहे, हाडांची नव्हे. अपघाताची गाडी मधल्या पायरीवर. तिची परीक्षा मार कोठें बसला यावर अवलंबून. आगीची आणि पुराची गाडी मात्र सर्वांत घातक. आगीच्या आंचेनें पत्र्याचा कस जातो व तारांचें आवरण वितळतें. पुराचें पाणी तर दिसत नाहीं अशा ठिकाणीं बसून वर्षानुवर्षें काम करीत राहतें. २००५ सालचें कॅट्रिना, २०१२ सालचें सँडी आणि २०१७ सालचें हार्वे या चक्रीवादळांनंतर पाण्यांत बुडालेल्या असंख्य मोटारी धुऊन-पुसून दूरदूरच्या बाजारांत विकावयास आल्या. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची गाडी कितीहि स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते, हा अनुभवी कारागिरांचा अभिप्राय आहे.

या सामान्य गोष्टी विशिष्ट गाडीला कशा लागूं पडतात, तें ९११ च्याच उदाहरणावरून पाहावें. या गाडीला वेगळी चौकट नाहीं. सांगाडा आणि पत्रा मिळून एकच घडण आहे. तिचे पुढचे पंखे बोल्टांनीं बसविलेले असतात. ते बदलले असतील तर त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. मागचे पंखे मात्र सांगाड्याला सांधलेले आहेत; ते बदलावयाचे म्हणजे पत्रा कापून नवा जोडणें आलें. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शनें सांगाड्यासाठीं जस्ताचा लेप दिलेलें पोलाद वापरण्यास आरंभ केला व गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. या गाड्या आज चाळीस-पन्नास वर्षांनंतरहि टिकून आहेत, त्याचें हें एक मोठें कारण. पण पत्रा कापून पुन्हां सांधला कीं सांध्यापाशीं जस्ताचा थर जळून जातो आणि गंज नेमका तेथूनच शिरतो. म्हणून जुन्या अपघाताची जागा दहा वर्षांनंतर गंजाच्या रेषेनें आपली कहाणी सांगूं लागते.

पुराच्या बाबतींतहि हीच गाडी बोलकी आहे. १९८४ ते १९८९ च्या कॅरेरांत इंधन व ठिणगी यांचें नियमन करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी चालकाच्या आसनाखालीं बसविलेली आहे. पाणी आसनापर्यंत चढलें असेल तर ती पेटी पाण्यांत गेलीच म्हणून समजावें. त्याहून जुन्या, १९६८ ते १९७७ च्या बहुतेक गाड्यांत यंत्राचें कवच मॅग्नेशियमचें आहे. ही धातु वजनाला हलकी, पण ओलाव्याला आणि क्षाराला फार लवकर बळी पडणारी. अशी गाडी पुरांत सांपडली असेल, तर यंत्राचा आवाज आज कितीहि गोड असो, त्यावर विसंबून राहूं नये.

अपघाताच्या गाडीचा विचार करतांना घरच्या माणसांचा विचार आधीं यावा. १९८९ पर्यंतच्या ९११ मध्यें अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या नव्हत्या. आंत बसलेल्यांचें रक्षण करणाऱ्या गोष्टी दोनच: नीट जोडलेला सांगाडा आणि कमरेचा-खांद्याचा पट्टा. सांगाडा एकदां वाकून नुसता वरवर ओढून सरळ केला असेल, तर पुढच्या धडकेंत तो ठरल्याप्रमाणें दबणार नाहीं. आणि ज्या पट्ट्यानें एका अपघाताचा ताण सोसला, तो बदलावयासच हवा. येथें काटकसर करणें म्हणजे पत्नीच्या आणि मुलांच्या जिवावर पैसे वांचविणें होय.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, 'रिबिल्ट'चा शिक्का देतांना सरकारनें गाडी सुरक्षित असल्याची ग्वाही दिली आहे. ही समजूत चुकीची आहे. अनेक राज्यांत या तपासणीचा मुख्य हेतु दुरुस्तींत चोरीचे भाग वापरले गेले नाहींत ना, एवढेंच पाहण्याचा असतो. न्यूयॉर्क राज्यांतील तपासणी याच जातीची आहे. सांधे मजबूत आहेत कीं नाहींत, चाकें एका रेषेंत धांवतात कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच.

ही जबाबदारी पार पाडण्याचे दोन मार्ग आहेत: एक कागदांचा, दुसरा कारागिराचा. कागदांत प्रथम गाडीचा क्रमांक घ्यावा. १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेंत प्रत्येक मोटारीला सतरा अक्षर-आंकड्यांचा एकसारखा क्रमांक असतो. १९९२ च्या कायद्यानें मालकीपत्रांची एक राष्ट्रीय नोंद स्थापन झाली, आणि २००९ पासून विमाकंपन्यांना व भंगारवाल्यांना आपल्याकडे आलेल्या गाड्या त्या नोंदींत कळविणें भाग पडलें. थोडें शुल्क भरून कोणासहि तींतील माहिती मिळते. डागी गाडी एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेऊन स्वच्छ कागद मिळविण्याची जी लबाडी पूर्वीं सर्रास चाले, तिला यामुळें पुष्कळ आळा बसला. पण १९८१ पूर्वींच्या गाड्यांचे क्रमांक आंखूड असून प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी होती; त्यामुळें या नोंदींतून त्यांची हकीकत क्वचितच लागते. तेथें जुनीं छायाचित्रें, विमाकंपनीचा हानीचा अंदाज, दुरुस्तीचीं बिलें आणि भागांच्या पावत्या यांनाच साक्षीला बोलवावें लागतें. मोडलेल्या स्थितींतील छायाचित्र हा तर सर्वांत मोलाचा कागद. ज्याच्यापाशीं तें आहे आणि जो तें आपण होऊन दाखवितो, त्या विक्रेत्याशीं पुढें बोलण्यास हरकत नाहीं. जो म्हणतो कीं मार किरकोळ होता, पण कागद मात्र हरवले, त्याची गाडी सोडून द्यावी.

मग कारागिराची पाळी. तो विक्रेत्यानें सुचविलेला नसावा, आणि नेमक्या याच जातीच्या गाड्यांवर हात बसलेला असावा. त्यानें गाडी उचलून खालून पाहावी. रंगाची जाडी मोजण्याचें लहानसें उपकरण असतें. तें पत्र्यावर फिरविलें कीं पुट्टी कोठें भरली आहे तें कळतें. दारांच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे कीं नाहीं, पुढील सामानाच्या कप्प्यांत कारखान्याचे सांधे व त्यांवरील लेप मूळचे आहेत कीं नाहीं, धातूवर ठोकलेला क्रमांक कागदाशीं जुळतो कीं नाहीं, हें त्यानें पाहावें. चारहि चाकांची रेषा मोजावी. ती जुळत नसेल आणि जुळवूनहि येत नसेल, तर सांगाडा वाकलेला आहे. सिलिंडरांत हवा दाबून ती किती गळते तें मोजावें. या सर्वाला कांहींशे डॉलर लागतात, पण दहा-वीस हजारांचा खड्डा त्यानें टळतो. विक्रेता अशा तपासणीस नकार देत असेल, तर त्याचें उत्तर मिळालेंच म्हणावयाचें.

आतां पैशाचा हिशेब. डागी कागदाची गाडी सामान्यतः निर्दोष गाडीपेक्षां २० ते ४० टक्क्यांनीं कमी भावांत जाते. ही सूट घेतांना मिळते, तशीच विकतांना द्यावीहि लागते. आरंभीं घेतलेल्या उदाहरणांत ३६,००० डॉलरांना गाडी घेतली, आणि अपुरी राहिलेली दुरुस्ती पुरी करण्यास १२,००० लागले, तर एकूण ४८,००० झाले. पुढें विकतांना ३० टक्के सूट द्यावी लागली, तर ६०,००० च्या गाडीचे ४२,०००च हातीं येतात. वांचलेले २४,००० कोठेंच नाहींत. उलट ६,००० ची खोट आली. दुरुस्ती ३,००० वर भागली असती, तर तीच गाडी नफ्यांत गेली असती. तेव्हां सौदा मागितलेल्या किमतीवर ठरत नाहीं, उरलेल्या कामावर ठरतो. विम्याचाहि प्रश्न आधींच सोडवावा. पुष्कळ विमाकंपन्या अशा गाडीला दुसऱ्याच्या नुकसानीपुरतें संरक्षण देतात, पण तिच्या स्वतःच्या हानीचा विमा उतरवीत नाहींत. जुन्या मोटारींचा विमा उतरविणाऱ्या खास कंपन्या गाडीची किंमत आधीं ठरवून घेतात. त्यांतील कोणी ही गाडी घेण्यास तयार आहे कीं नाहीं, आणि कोणत्या किमतीला, तें पैसे देण्यापूर्वीं लेखी घ्यावें. कर्ज काढून घेण्याचा विचार असेल तर पेढीलाहि तोच प्रश्न विचारावा. अनेक पेढ्या डागी कागदावर कर्ज देत नाहींत.

कोणी म्हणेल कीं, दुर्मिळ गाड्यांच्या बाबतींत कागदाचा डाग कोण पाहतो? तें कांहीं अंशीं खरें आहे. १९५४ सालच्या एका फेरारी ५०० मोंडियालचा जळून चुरगळलेला सांगाडा ऑगस्ट २०२३ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिलावांत १८,७५,००० डॉलरांना गेला. १९२५ सालची एक बुगाटी अनेक दशकें माज्जोरे सरोवराच्या तळाशीं पडून होती. ती गंजलेल्या स्थितींत जानेवारी २०१० मध्यें पॅरिस येथें २,६०,५०० युरोंना विकली गेली. पण तेथें घेणाऱ्यांनीं मोटार घेतली नाहीं, तर एका ऐतिहासिक वस्तूची ओळख घेतली. ज्या गाड्या शेंकड्यांनीं उरल्या, त्यांतली ओळख विकत घेण्यासारखी राहत नाहीं. पोर्श ९११ हजारोंनीं बनली. तिच्या घेणाऱ्याला निर्दोष गाडी शोधण्यास नेहमींच वाव असतो. फेरारीचा न्याय तिला लावणें म्हणजे हत्तीच्या मोलाचा हिशेब म्हशीला लावण्यासारखें आहे.

हा सर्व विचार मुंबईकराला अगदींच परका नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि शहरांतील कित्येक मोटारी पाण्याखालीं गेल्या. भारतांत दुरुस्तीचा खर्च विम्यांत ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला म्हणजे संपूर्ण हानि समजण्याची रीत आहे; पण मालकीच्या कागदावर कायमचा शिक्का मारण्याची अमेरिकन पद्धति येथें नाहीं. तेथें निदान डाग कागदावर दिसतो. येथें तो गालिचा उचलूनच शोधावा लागतो. अमेरिकेंत स्थायिक झालेलें मराठी कुटुंब अशी गाडी घेऊं लागलें, तर त्या शिक्क्याला त्यानें शत्रु मानूं नये. तो शिक्का निदान खरें बोलतो.

सारांश, घ्यावी कीं न घ्यावी याचें उत्तर घेणाऱ्याच्या हेतूंत आहे. दोन वर्षांत विकून फायदा काढावयाचा असेल, तर ही गाडी घेऊं नये. सूट ज्या वाटेनें आली त्याच वाटेनें परत जाते. रोज कचेरींत जाण्यायेण्यासाठीं एकच गाडी हवी असेल, तरीहि घेऊं नये. पण ज्याला ती पंधरा-वीस वर्षें स्वतःपाशीं ठेवावयाची आहे, ज्याला हातानें काम करण्याची हौस आहे, आणि जिचा मार पंख्यापुरता होता, पाण्याचा किंवा आगीचा नव्हता, हें कागदांनीं व कारागिरानें सिद्ध झालें आहे, त्यानें ती अवश्य घ्यावी. निर्दोष कागदाची गाडी ज्याला कधींच परवडली नसती, त्याच्या घरीं ती अशा रीतीनेंच येऊं शकते. मात्र घेतांना मिळालेलीं छायाचित्रें, बिलें व तपासणीचा अहवाल एका फाइलींत जपून ठेवावा आणि पुढें ज्याच्या हातीं किल्ली द्यावयाची, त्याच्या हातीं ती फाइलहि द्यावी. गाडी नीट झाली तरी तिची हकीकत लपविण्याचा अधिकार कोणाला मिळत नाहीं.